मीर कासिमाची जकातमाफी : बंगालच्या बाजाराचें एक प्रकरण (इ. स. १७६२-६३)

प्लासीची लढाई (२३ जून १७५७) व बक्सारची लढाई (ऑक्टोबर १७६४) यांच्या मधलीं सात वर्षें बंगालच्या इतिहासांत नवाबांच्या उलथापालथीचीं वर्षें म्हणून सांगितलीं जातात. कोणता नवाब केव्हां गादीवर बसला, त्यानें कोणास किती लाख नजर केले व कोणाच्या विश्वासघातानें तो उतरला, यांच्या याद्यांनीं ग्रंथांचीं पानें भरलेलीं आहेत. त्या याद्या खोट्या नाहींत. परंतु १७६३ चें युद्ध ज्या ठिणगीनें पेटलें ती दरबारांत पडली नव्हती. ती आठवड्याच्या बाजारांत पडली होती. मीठ, सुपारी, तंबाखू, तूप, तांदूळ, बांबू, मासळी या नित्याच्या जिनसा कोणीं, कोणत्या अटींवर व कोणत्या भावानें विकाव्या, हा त्या भांडणाचा मूळ विषय होय. प्रस्तुत लेखांत त्या भांडणाचा व त्यांतून निघालेल्या एका विलक्षण हुकुमाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय बंगालचा म्हणून आमच्या वाचकांस तो दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण त्याचा एक धागा नागपूरकर भोसल्यांच्या कटक सुभ्यापर्यंत येऊन पोंचतो, तो शेवटीं दाखवूं.

प्रथम मक्ता कोणाचा व कोणाविरुद्ध, हें स्पष्ट केलें पाहिजे; कारण येथेंच पुष्कळ लेखकांचा घोंटाळा होतो. इंग्रज कंपनीस एलिझाबेथ राणीनें ३१ डिसेंबर १६०० रोजीं जी सनद दिली तिच्या योगानें पूर्वेकडील समुद्रव्यापार सर्व इंग्रज प्रजेपैकीं या एकट्या मंडळीच्या हातीं आला. म्हणजे मक्तेदारी ही कंपनीच्या जन्माबरोबरच आलेली आहे. तथापि हा मक्ता इंग्रजांविरुद्ध इंग्रजांचा होता. हुगळीच्या किंवा ढाक्याच्या बाजारांत त्या सनदेला कांहीं किंमत नव्हती. तेथें डच होते, फ्रेंच होते, आर्मेनियन होते, गुजराती व मारवाडी पेढीवाले होते, आणि गांवोगांवचे बंगाली व्यापारी तर होतेच. या बाजारांत कंपनीला जें विशेष मिळालें तें बादशहा फर्रुखसियर याच्या १७१७ च्या फर्मानानें. वर्षास तीन हजार रुपये पेशकश द्यावी व बंगाल सुभ्यांत कंपनीच्या मालाला जकात पडूं नये, असा त्याचा मथितार्थ. वखारीच्या मुख्याच्या सहीचें दस्तक नाक्यावर दाखविलें कीं होडी पुढें सुटे.

हें फर्मान कोणत्या मालापुरतें होतें? मुर्शिदकुलीखान हा त्या वेळीं बंगालचा कारभार पाहत असे. समुद्रांतून आलेला व समुद्रांतून जावयाचा तेवढाच माल माफ, असा अर्थ त्यानें धरिला. देशांतल्या देशांत एका परगण्याचें मीठ दुसऱ्या परगण्यांत नेऊन विकण्यास माफी आहे, असें त्यानें कधींच मान्य केलें नाहीं. आमच्या मतें त्याचा अर्थच सयुक्तिक होता. परराष्ट्राच्या व्यापाऱ्यास निर्गतीची सवलत देणें वेगळें, आणि त्यास देशांतील वाण्याचें दुकान जकातीशिवाय चालवूं देणें वेगळें. दस्तकाचा गैरवापर, म्हणजे कंपनीच्या नांवाखालीं नोकरांचा खाजगी माल नेणें, हा प्लासीपूर्वींही चालतच होता व प्रत्येक नवाबाची ती तक्रार होती. पण तेव्हां नवाब प्रबळ होता, होडी अडवून धरण्याची त्यास ताकद होती, आणि म्हणून त्या गैरवापरास मर्यादा होती.

कंपनीचे नोकर खाजगी व्यापार कां करीत, याचें उत्तर त्यांच्या पगारांत आहे. नवा कारकून विलायतेहून येई त्यास वर्षाचे पांच पौंड मिळत. एवढ्यावर कोणी सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून तापानें मरावयास येत नाहीं. खाजगी व्यापार हाच खरा पगार होता, व संचालकांना तें पक्कें ठाऊक होतें. प्लासीनंतर नवाबाची भीति गेली आणि हे लोक देशांतील व्यापारांत उघडपणें शिरले. त्यांना भाषा येत नसे, गांव माहीत नसे. म्हणून प्रत्येकानें आपापले गुमास्ते नेमले. हे गुमास्ते बहुतेक एतद्देशीयच असत, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. टोपीकर कलकत्त्यास किंवा पाटण्यास बसे. निशाण, दस्तक व चार शिपाई घेऊन गांवांत जाई तो आपल्यांतलाच मनुष्य.

तो गांवांत जाऊन काय करी, याविषयीं त्या काळचा पुरावा विपुल आहे, आणि तो इंग्रजांच्याच लेखणींतून आलेला आहे, हें विशेष. वॉरन हेस्टिंग्ज हा एप्रिल १७६२ मध्यें मोंगीरकडे जात असतां त्यानें भागलपुराहून गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट यास पत्र लिहिलें. वाटेनें प्रत्येक होडीवर व गांवोगांव आपणांस इंग्रजी निशाणें फडकतांना दिसलीं, इतक्या लोकांस तीं लावण्याचा अधिकार असणें शक्य नाहीं, आणि आमची टोळी जवळ येतांच पुष्कळ ठिकाणीं दुकानें बंद करून लोक पळून गेलेले आढळले, असें तो कळवितो. दुसरा साक्षीदार बाकरगंज येथील एक साधा सार्जंट. त्याचें त्याच वर्षींच्या मे महिन्यांतील पत्र आम्हांस हेस्टिंग्जच्या पत्राहूनही मोलाचें वाटतें, कारण या मनुष्यास राजकारण करावयाचें नव्हतें. बाकरगंज हें पूर्वी मोठ्या उलाढालीचें ठिकाण असून आतां ओस पडत चाललें आहे, असें सांगून तो कारण देतो : एखाद्या साहेबाचा गुमास्ता येतो, सर्व रहिवाशांनीं आपला माल घ्यावा किंवा त्यांचा माल आपणांसच द्यावा असें फर्मावितो, व कोणी नाकारल्यास फटके किंवा कैद ठरलेली. पूर्वी न्याय कचेरींत मिळे. आतां प्रत्येक गुमास्ता न्यायाधीश व त्याचें घर हीच कचेरी.

खुद्द मीर कासिमानें मे १७६२ मध्यें गव्हर्नरास लिहिलेल्या पत्रांत जिनसांची यादीच दिली आहे. मीठ, सुपारी, तूप, तांदूळ, पेंढा, बांबू, मासळी, गोणपाट, आलें, साखर, तंबाखू, अफू. पेंढा व बांबू यांत कसला परदेशी व्यापार? रयतेचा व व्यापाऱ्यांचा माल चतुर्थांश किंमतीनें उचलावा आणि एका रुपयाच्या जिनसेचे रयतेकडून पांच रुपये घ्यावे, असा प्रकार चालला आहे, असें तो म्हणतो. व या सर्वांमुळें आपलें सालीना पंचवीस लाखांचें नुकसान होतें, असा त्याचा हिशेब आहे. हा आंकडा वादींचा आहे, तो वादीच्याच आंकड्याइतका खरा धरावा. परंतु पत्रांतील बाकीचा मजकूर सार्जंटाच्या पत्राशीं इतका जुळतो कीं तो बनावट म्हणण्यास जागा राहत नाहीं.

येथें क्षणभर थांबून या बाजाराची रचना पाहूं. बंगालचा देशी व्यापारी मीठ घेऊन निघाला म्हणजे त्यास नदीवर व रस्त्यावर ठिकठिकाणीं चौक्या लागत. प्रत्येक चौकीवर रहदारी द्यावी लागे, शिवाय चौकीदाराची चिरीमिरी निराळी. इंग्रजाच्या होडीस यांतलें कांहीं नाहीं. तेव्हां खरेदीच्या ठिकाणीं त्याला दुसऱ्यापेक्षां जास्त भाव देतां यावा व विक्रीच्या ठिकाणीं दुसऱ्यापेक्षां स्वस्त विकतां यावें, असा हिशेब निघतो. आणि तसें झालें असतें तर देशी व्यापारी बुडाला असता, पण मीठ पिकविणाऱ्या मलंग्यास व मीठ खाणाऱ्या कुळास दोन पैशांचा फायदा तरी झाला असता. प्रत्यक्षांत घडलें तें उलट. खरेदी कमी भावानें व विक्री जास्त भावानें झाली. याचें कारण असें कीं जकातमाफीनें प्रतिस्पर्धी एकदां हटला म्हणजे मग स्वस्त विकण्याचें प्रयोजनच उरत नाहीं, आणि त्यांतून हातांत काठी असल्यास भाव बाजार ठरवीत नाहीं, काठी ठरविते. आजच्या भारतीय कायद्यांत, म्हणजे २००२ च्या स्पर्धा अधिनियमांत, बाजारांतील प्रबळ स्थानाचा दुरुपयोग निषिद्ध मानला आहे. शब्द नवे असले तरी बाकरगंजच्या सार्जंटानें वर्णिलेली वस्तु तीच आहे.

देशी व्यापाऱ्यांपुढें दोनच मार्ग होते. एक, धंदा सोडावा. दुसरा, एखाद्या इंग्रजास पैसे देऊन त्याचें दस्तक व निशाण भाड्यानें घ्यावें. पुष्कळांनीं दुसरा धरिला. नवाबाचें उत्पन्न दोन्ही बाजूंनीं बुडालें : इंग्रज देत नव्हते, आणि देणारे इंग्रजांचे पांघरूण घेऊं लागले.

एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीनें नमूद केली पाहिजे. नवाबी अमलांत बंगालचा बाजार खुला व निर्मळ होता आणि तो टोपीकरांनीं नासविला, असें जें चित्र कधीं कधीं रंगविलें जातें तें खरें नव्हे. मक्ते नवाबही देत असत. आर्मेनियन व्यापारी ख्वाजा वाजिद याच्याकडे अलीवर्दीच्या काळीं सोरा व मीठ यांचे मक्ते होते, व बिहारच्या सोऱ्याचा मक्ता प्लासीनंतर मीर जाफरानें कंपनीसच दिला. चौक्यांवरील जाच तर जुनाच. फरक इतकाच कीं नवाबाचा मक्तेदार नवाबाच्या कचेरीस उत्तरदायी असे. त्याची मर्जी फिरली कीं मक्ता गेला. इंग्रजाच्या गुमास्त्यास कोणतीच कचेरी लागू नव्हती. आमच्या मतें सर्व भांडणाचें मर्म जकातीच्या दरापेक्षां या एका मुद्द्यांत आहे, आणि मीर कासिमही तें ओळखून होता.

हा मीर कासिम कोण? मीर जाफराचा जांवई. सासऱ्यास उतरवून ऑक्टोबर १७६० मध्यें इंग्रजांनींच त्यास गादीवर बसविलें, व त्याबद्दल बरद्वान, मेदिनीपूर व चितगांव हे तीन जिल्हे घेतले. हिशेबांत तो अत्यंत चोख होता. फौजेची थकबाकी त्यानें फेडली, राजधानी मुर्शिदाबादेहून मोंगीरास नेली, आणि गुर्गिनखान नांवाच्या आर्मेनियन सरदाराकडून पलटणी व तोफा तयार करविल्या. ‘सियर-उल-मुताखरीन’चा कर्ता गुलाम हुसेन तबतबाई यानें या दरबारचा वृत्तांत जवळून पाहून लिहिला आहे. तो त्याच्या कारभाराची व न्यायदानाची वाखाणणी करितो, त्याच्या संशयी व निर्दय स्वभावाविषयींही मौन धरीत नाहीं. राजा रामनारायण व जगत्शेठ बंधु यांची १७६३ मध्यें जी वाट लागली ती पाहतां या मनुष्यास साधु ठरविण्याचा खटाटोप कोणीं करूं नये. पण एखादा हुकूम न्याय्य होता कीं नाहीं हें हुकूम देणाऱ्याच्या शीलावरून ठरत नसतें.

तक्रारींचा परिणाम म्हणून व्हॅन्सिटार्ट १७६२ च्या अखेरीस स्वतः मोंगीरास गेला. तेथें ठरलें तें असें : देशांतील व्यापारांत इंग्रजांनीं खरेदीच्या ठिकाणच्या किंमतीवर शेंकडा नऊ प्रमाणें एकदांच जकात द्यावी, आणि गुमास्ता व रयत यांच्यामधील तंटे नवाबाच्या अंमलदारांनीं तोडावे. व्हॅन्सिटार्ट स्वतः खाजगी व्यापार करीत असे, त्यामुळें तो आपल्या देशबांधवांस फार तोशीस लावील हें संभवतच नव्हतें. देशी व्यापारी याहून कितीतरी अधिक भरत असत. नवाबानें नाखुषीनें मान्य केलें तें दुसऱ्या कलमाकरितां. पण त्यानें घाई केली. कलकत्त्याच्या कौन्सिलची मंजुरी येण्यापूर्वींच त्यानें कराराच्या नकला अंमलदारांकडे धाडल्या, अंमलदारांनीं होड्या अडविल्या, आणि विरोधकांस आयतेंच निमित्त मिळालें.

कौन्सिल जमलें त्याची हकीकत व्हॅन्सिटार्टनें १७६६ मध्यें छापलेल्या आपल्या तीन भागांच्या वृत्तांतांत दिली आहे. हें पुस्तक म्हणजे त्याचें कैफियतवजा समर्थन आहे हें ध्यानांत ठेवूनच वाचलें पाहिजे. तथापि त्यांतील पत्रव्यवहार अस्सल आहे. बाहेरच्या वखारींचे मुख्य बोलावून पूर्ण सभा भरविण्यांत आली. ज्या व्यापाराचा निकाल लावावयाचा तो व्यापार करणारेच येथें न्यायासनावर बसले होते. अॅमियट, हे, जॉन्स्टन, बॅटसन हे करार मोडावा या मताचे. पाटण्याचा एलिस तर नवाबाचा हाडवैरी. विरुद्ध बाजूस व्हॅन्सिटार्ट व हेस्टिंग्ज हे दोघेच. ठरलें असें कीं फर्मानाप्रमाणें आमचा सर्वच व्यापार माफ आहे, केवळ नवाबाच्या मानाखातर मिठावर तेवढे शेंकडा अडीच देऊं, आणि आमचे गुमास्ते नवाबाच्या अंमलदारांस जुमानणार नाहींत.

यावर मीर कासिमानें जें केलें तेंच या लेखाचा विषय होय. मार्च १७६३ मध्यें त्यानें हुकूम काढून आपल्या मुलखांतील सर्व अंतर्गत जकाती सर्व व्यापाऱ्यांस दोन वर्षांपर्यंत माफ केल्या. ज्याला घेतां येत नाहीं त्यानें कोणाचेंच घेऊं नये, एवढाच त्याचा युक्तिवाद. मोठ्यांकडून जकात मिळत नाहीं, ती फक्त गरिबांकडून घेतल्यानें उत्पन्न तर येतच नाहीं व माझे व्यापारी मात्र मरतात. तेव्हां चौक्या उठल्या. या हुकुमानें इंग्रजांची सवलत कणभरही कमी केली नाहीं. दस्तक होतें तेथेंच राहिलें. फक्त तें निरुपयोगी झालें.

हा हुकूम प्रजाप्रेमानें काढला कीं चिडून? कांहीं इंग्रज लेखकांनीं तो रागाचा झटका ठरविला आहे. आमचा अभिप्राय असा कीं त्यांत दोन्ही होतें, व तिसरें म्हणजे हिशेब होता. जकातीचें उत्पन्न निम्म्याहून जास्त बुडालेलेंच होतें. चौक्या राखण्याचा खर्च मात्र चालू. आणि आपल्या व्यापाऱ्यांनीं इंग्रजी निशाण भाड्यानें घेण्याचें कारण नाहींसें झालें तर निदान ते पुन्हां आपल्या छत्राखालीं येतील, हा त्यांतील लाभ. हातांत शस्त्र न घेतां मक्तेदारी मोडण्याचा याहून सुबक उपाय आम्हांस त्या शतकांत दुसरा दिसत नाहीं. मक्तेदाराची सवलत काढून घेण्याची ताकद नाहीं, तेव्हां ती सर्वांस वांटून टाकावयाची.

आणि म्हणूनच कौन्सिल खवळलें. तेथें जो वाद झाला तो मुळांतून वाचण्यासारखा आहे. बहुमताचें म्हणणें, नवाबास आपल्या प्रजेची जकात माफ करण्याचा अधिकारच नाहीं. कारण तसें केल्यानें आमच्या फर्मानाचा भंग होतो. सवलत सर्वांस मिळाली म्हणजे ती आमची सवलत कोठें राहिली! हेस्टिंग्जनें उत्तर दिलें कीं नवाबानें आपल्या प्रजेवर उपकार केला आहे. राजानें आपल्या व्यापाऱ्यांवर कर लादावा अशी मागणी परक्यांनीं करण्यास आधार नाहीं, व ती तो नाकारील तर त्यास दोष देतां येणार नाहीं. हें भांडण शब्दांवर राहिलें नाहीं. जूनमधील एका बैठकींत बॅटसननें हेस्टिंग्जला प्रत्यक्ष ठोसा मारला, व त्याबद्दल पुढें त्यास माफी मागावी लागली. फर्मान जकातमाफीचें होतें. इतरांस जकात लागलीच पाहिजे असें त्यांत कोठेंही नव्हतें. कौन्सिलला व्यापाराचें स्वातंत्र्य नको होतें, अंतर हवें होतें. आपल्या व दुसऱ्याच्या मालामधील जकातीचें अंतर हीच त्यांची मिळकत होती.

अॅमियट व हे यांना मोंगीरास पाठविलें तें हा हुकूम रद्द करविण्यासाठीं. नवाब नमला नाहीं. पुढील हकीकत सर्वश्रुत असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. जूनच्या अखेरीस एलिसनें पाटणा शहरावर छापा घातला, तें गमावलें, व स्वतः कैद झाला. परत येतांना अॅमियट मुर्शिदाबादेजवळ मारला गेला. जुलैंत काटवा, २ ऑगस्टला घेरिया, ५ सप्टेंबरला उधुआ नाला. घेरियाच्या लढाईनंतर आठ दिवसांनीं इकडे गोदातीरीं राक्षसभुवनावर माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला. पानिपतानंतर घर सांवरण्यांत गुंतलेल्या पुण्याच्या दरबारास बंगालच्या जकातीकडे पाहण्यास उसंत नव्हती. ऑक्टोबरांत पाटण्यास इंग्रज कैद्यांची कत्तल करवून मीर कासिमानें आपल्या बाजूच्या न्यायावर स्वतःच काळिमा फांसला, आणि तो अयोध्येच्या वजिराकडे पळाला.

लढायांपेक्षां आम्हांस मीर जाफराशीं जुलै १७६३ मध्यें झालेला तह अधिक बोलका वाटतो. म्हाताऱ्यास पुनः गादीवर बसवितांना त्याच्याकडून जीं कलमें लिहून घेतलीं त्यांत एक असें आहे कीं कासिमअलीनें दिलेली सर्व व्यापाऱ्यांची माफी रद्द करावी व पूर्वीप्रमाणें जकात वसूल करावी. इंग्रजांनीं मात्र मिठावर शेंकडा अडीच द्यावे, बाकी सर्व माफ. एका व्यापारी मंडळीनें युद्ध जिंकून पहिली गोष्ट कोणती केली, तर जित राजाकडून त्याच्याच प्रजेवर कर बसवून घेतला. खाजगी व्यापाऱ्यांच्या नुकसानभरपाईचीही तरतूद झाली. ती प्रथम दहा लाख म्हणून सांगितली होती. ती वाढत वाढत त्रेपन्न लाखांवर गेली. ज्या व्यापाराचा हक्कच वादग्रस्त, त्यांत झालेला तोटा नवाबाच्या खजिन्यांतून भरून घेतला गेला.

लंडनच्या संचालकांनीं फेब्रुवारी १७६४ मध्यें देशांतील खाजगी व्यापार बंद करण्याविषयीं लिहिलें. तें पत्र नीतीचें कमी व काळजीचें जास्त होतें. युद्धाचा खर्च कंपनीच्या माथीं व नफा नोकरांच्या खिशांत, हें त्यांस कसें आवडावें? १७६५ मध्यें क्लाइव्ह परत आला तो सुधारणेचें निशाण घेऊन. त्यानें काय केलें, तर मीठ, सुपारी व तंबाखू या तीन जिनसांचा व्यापार वरिष्ठ नोकरांच्या एका मंडळास मक्त्यानें दिला व हुद्द्याप्रमाणें त्याचे भाग वांटले. स्वतः गव्हर्नराचे पांच भाग. पूर्वी शंभर गुमास्ते परस्परांशीं थोडीफार चढाओढ तरी करीत. आतां तीही संपली. संचालकांनीं विरोध केल्यावर १७६८ मध्यें हें मंडळ मोडलें.

या काळांतील विणकरांची स्थिति हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एका प्रवादाची छाननी येथें केली पाहिजे. ढाक्याच्या मलमल विणणारांचे आंगठे कंपनीनें तोडले, असें आपल्याकडील शाळांतूनही सांगितलें जातें. याचें मूळ विल्यम बोल्ट्स याच्या १७७२ मधील पुस्तकांत आहे. बोल्ट्स लिहितो तें असें : गुमास्ता विणकरांकडून जबरीनें मुचलका लिहून घेई, नांव वहींत चढवी, व मग त्या विणकरास दुसऱ्या कोणाचें काम करण्याची बंदी, मालाची किंमत गुमास्ता व जाचनदार मिळून ठरवीत, ती खुल्या बाजारापेक्षां शेंकडा पंधरा, कधीं चाळीस कमी असे. आंगठ्यांची गोष्ट तो सांगतो ती रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांची, आणि त्यांनीं सक्तीचें काम टळावें म्हणून स्वतःचे आंगठे तोडून घेतल्याची. दोन गोष्टींत फार अंतर आहे, व आमच्या मतें खरी गोष्ट प्रवादापेक्षां अधिक भयंकर आहे. यांत आणखी एक सावधगिरी. बोल्ट्स हा तटस्थ साक्षीदार नव्हे. तो जॉन्स्टन व हे या कौन्सिलरांचाच भागीदार असून खाजगी व्यापारांत गब्बर झाला होता. १७६८ मध्यें कंपनीनें त्यास बंगालमधून हांकून दिलें तेव्हां त्यास ही सर्व जुलमाची कथा सुचली. १७७२ मध्येंच माजी गव्हर्नर व्हेरेल्स्ट यानें त्यास उत्तर छापलें. परंतु ज्यानें स्वतः मुचलके लिहून घेतले असतील त्याला मुचलक्याची रीत चांगली माहीत असणार, एवढ्यापुरती त्याची साक्ष आम्ही ग्राह्य धरतों.

१७७२ मध्यें हेस्टिंग्ज गव्हर्नर झाला. दहा वर्षांपूर्वीं ज्यानें भागलपुराहून पत्र लिहिलें व कौन्सिलांत मार खाल्ला तोच हा मनुष्य. १७७३ मध्यें त्यानें दस्तकें बंद केलीं, जमीनदारांच्या चौक्या उठवून कलकत्ता, हुगळी, मुर्शिदाबाद, ढाका व पाटणा येथें पांचच नाके ठेविले, आणि इंग्रज असो वा एतद्देशीय, सर्वांच्या मालास शेंकडा अडीच ही एकच जकात लावली. मीर कासिमानें सर्वांस शून्यावर आणून समान केलें, हेस्टिंग्जनें अडिचावर. समतेचें तत्त्व तेंच. त्यास तें करतां आलें, कारण त्याच्या पाठीशीं पलटणी होत्या.

पण या सुधारणेंतून तीन जिनसा वगळल्या होत्या : मीठ, सुपारी व तंबाखू. त्यांतील मीठ तर १७७२ पासून त्यानें सरकारी मक्त्याखालीं घेतलेंच होतें, व १७८० मध्यें त्यासाठीं एजंट नेमून पक्की व्यवस्था लावली. मलंग्यानें पिकविलेलें सर्व मीठ ठरीव भावानें सरकारास द्यावें, व सरकारानें तें व्यापाऱ्यांस विकावें. १७८८ पासून कलकत्त्यास त्याचे लिलांव होऊं लागले. लिलांवास किती मीठ काढावयाचें हें सरकारच्याच हातीं असल्यामुळें भाव चढा ठेवणें अवघड नव्हतें, आणि ज्याच्या पदरीं मोठें भांडवल तोच खरेदीदार अशी स्थिति झाली. नोकरांचा मक्ता मोडला. धन्याचा सुरू झाला. कंपनीचा हिंदुस्थानांतील व्यापारी मक्ता पार्लमेंटनें १८१३ मध्यें व चीनचा १८३३ मध्यें काढून घेतला, तो इंग्लंडांतील व्यापाऱ्यांच्या ओरडीमुळें. मलंग्याची ओरड तेथपर्यंत पोंचली नाहीं, आणि मिठाचा मक्ता त्यानंतरही कित्येक वर्षें चालू राहिला.

आतां कटकाकडे येऊं. १७५१ च्या तहानें ओढ्या प्रांताचा वसूल नागपूरकर रघूजी भोसल्यांकडे आला, व बंगालची चौथ म्हणून बारा लाख ठरले. मीर कासिमाच्या कारकीर्दींत तेथें शिवभट साठे हा भोसल्यांचा सुभेदार होता, आणि या चौथाईसाठींच त्याचा बंगालशीं तगादा चालू असे. ओढ्याचा समुद्रकिनारा मिठासाठीं प्रसिद्ध. भोसल्यांच्या अमलांत तेथें जुलूम नव्हता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण मिठावर सरकारचा मक्ता तेथें नव्हता, आणि सरहद्दीपलीकडून चोरून येणारें हें स्वस्त मीठ कलकत्त्याच्या मक्त्यास सारखें जाचत असे. १८०३ मध्यें इंग्रजांनीं कटक घेतलें, व १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं तो प्रांत सोडला. पुढच्याच वर्षीं बंगालचा मिठाचा मक्ता ओढ्यांत लागू होऊं लागला. समुद्राकांठीं राहणाऱ्या लोकांस स्वतःपुरतें मीठ काढण्याचीही बंदी झाली, व त्याची किंमत कित्येक पटींनीं चढली. १८१७ मध्यें खुर्द्याच्या पाइकांनीं जें बंड केलें त्याच्या कारणांची चौकशी करण्यास वॉल्टर ईवर यास नेमलें होतें. जमिनीचा वाढलेला सारा, कवड्यांऐवजीं रुपयांत वसुली, यांच्या बरोबरीनें त्यानें मिठाची महागाई हेंही एक कारण नोंदविलें आहे. मीर कासिम त्यापूर्वींच, १७७७ मध्यें, दिल्लीजवळ अन्नान्न होऊन मेला होता.